कोंबडीच्या अंड्यात फ्लू वाढवता वाढवता या माणसानं प्रतिकारशक्तीचं कोडं सोडवलं

फ्लूची लस घ्यायला गेलं की बऱ्याचदा आधी एक प्रश्न विचारतात. अंड्याची ॲलर्जी आहे का?

पहिल्यांदा ऐकणारा माणूस गोंधळतो. फ्लूच्या लसीचा आणि अंड्याचा काय संबंध?

संबंध अगदी थेट आहे. जगातल्या बहुतेक फ्लू लसींसाठी लागणारा विषाणू आजही कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. आपण भुर्जी करतो ते अंडं नाही, तर आत पिल्लू वाढत असलेलं फलित अंडं. विषाणूंच्या अभ्यासासाठी अंडं कसं वापरायचं हे ज्यांनी जगाला नीट शिकवलं, त्यांच्यात एक नाव फार मोठं आहे. सर फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर, १९६० सालचे नोबेल विजेते.

पण बर्नेट यांची खरी गोष्ट लसीची नाही. लसीच्या बाबतीत तर ते हरले. त्यांची गोष्ट एका प्रश्नाची आहे. फ्लूचा विषाणू प्राण्याच्या नाकात गेला की त्याचं शरीर लढायला उठतं. मग अंड्यातल्या पिल्लाचं शरीर त्याच विषाणूविरुद्ध अँटीबॉडी का बनवत नाही?

सुरुवातीपासून बघू.

३ सप्टेंबर १८९९ ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात, ट्रारालगन नावाच्या गावात बर्नेट यांचा जन्म झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले, बँकेत मॅनेजर. घरी सगळे त्याला मॅक म्हणायचे. मॅक लाजाळू होता. चार पोरांत मिसळण्यापेक्षा रानात जाऊन भुंगेरे गोळा करणं त्याला जास्त आवडायचं. कुठला भुंगेरा कुठे सापडतो, एकाच जातीतले दोन एकमेकांपेक्षा कसे वेगळे दिसतात, याच्या नोंदी तो ठेवायचा. पुढे त्यानं डार्विन वाचला. त्या वाचनाचा त्याच्या विचारांवर कायमचा ठसा राहिला, आणि तोच पुढे नोबेलच्याही पलीकडच्या कामाला उपयोगी पडला.

१९१७ मध्ये तो मेलबर्न विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला गेला. पुढच्याच वर्षी जगभर फ्लूची ती भयंकर साथ आली. मुंबई बंदरातून ती आपल्याकडे शिरली आणि एकट्या भारतात १ कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. एवढं होऊनही डॉक्टरांना हा रोग कशामुळे होतो हेच माहीत नव्हतं. बरेच जण एका जिवाणूला दोष देत होते. खरा गुन्हेगार सापडायला आणखी १५ वर्षं जायची होती.

१९२२ मध्ये बर्नेट डॉक्टर झाले. पण हा लाजाळू माणूस रोग्यांपेक्षा प्रयोगशाळेत रमणारा होता. मेलबर्नची वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूट ही त्यांची कर्मभूमी ठरली. मधली दोन वर्षं ते लंडनला संशोधन करून आले.

१९२८ मध्ये ऑस्ट्रेलियाला हादरवणारी घटना घडली. क्वीन्सलँडच्या बंडाबर्ग गावात घटसर्पाची लस टोचल्यावर १२ मुलं दगावली. चौकशीत प्रयोगशाळेचं काम बर्नेट यांच्याकडे आलं. लसीच्या बाटलीत स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू वाढले होते, हे त्यातून पुढे आलं.

चौकशी संपली, पण बर्नेट त्या जिवाणूच्या विषामागे लागले. ते विष सशांना टोचून अँटीबॉडी कशा तयार होतात ते पाहू लागले. अँटीबॉडी म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टीला नेमकं ओळखून चिकटणारं प्रथिन. पहिल्यांदा विष टोचलं की अँटीबॉडी सावकाश बनायच्या. काही आठवड्यांनी तेच विष पुन्हा टोचलं की त्या झपाट्यानं वाढायच्या, एकाचे दोन, दोनाचे चार अशा चालीनं.

बर्नेट यांना ही चाल ओळखीची वाटली. ही कारखान्यातल्या साच्याची चाल नव्हती. ही जिवंत गोष्टींच्या वाढीची चाल होती. शरीरात काहीतरी स्वतःची संख्या वाढवत होतं.

ही शंका मनात ठेवून १९३२ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, हॅम्पस्टेडच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत. आणि अगदी योग्य वेळी गेले.

१९३३ च्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्लूची साथ होती. संस्थेतल्या विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी रुग्णांच्या घशातलं पाणी घेतलं, जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळलं आणि वेगवेगळ्या प्राण्यांना दिलं. कुणालाच काही होईना. मग फेरेटची पाळी आली.

फेरेट हा मुंगसासारखा लांबुडका दिसणारा, पण वेगळ्या कुळातला प्राणी. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या अभ्यासासाठी तो तिथे पाळलेलाच होता. ते गाळलेलं पाणी त्याच्या नाकात सोडलं आणि एक-दोन दिवसांत त्याला ताप आला, नाक वाहू लागलं, तो शिंकू लागला. अगदी माणसासारखा.

माणसाच्या फ्लूचा विषाणू अखेर हाती लागला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बरा झालेला फेरेट काही काळ पुन्हा आजारी पडत नव्हता. त्याच्या रक्तातलं सीरम विषाणूला निष्प्रभ करत होतं. श्वासाच्या रोगाशी शरीर कसं लढतं, हे पहिल्यांदाच पायरीपायरीनं पाहता येणार होतं. पुढे १९३६ मध्ये तर एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंकला आणि डॉक्टरलाच फ्लू झाला. फेरेटचा आणि माणसाचा रोग एकच आहे याचा आणखी कुठला पुरावा हवा होता?

बर्नेट हे सगळं जवळून पाहत होते. स्वतः मात्र ते दुसऱ्याच कामात होते. अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी दाखवून दिलं होतं की विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात वाढतात. बर्नेट यांनी ती पद्धत उचलली आणि घासूनपुसून लख्ख केली.

अंडं काही दिवस उबवायचं. कवचाला छोटं भोक पाडायचं. आत पिल्लाभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असलेलं पातळ आवरण असतं, त्यावर विषाणूचा थेंब सोडायचा आणि भोक बंद करायचं. दोन-तीन दिवसांनी उघडलं की जिथे जिथे विषाणू रुजला, तिथे पांढुरके ठिपके. ठिपके मोजा, विषाणूचा हिशोब लागतो.

मेलबर्नला परतल्यावर बर्नेट यांनी फ्लूचा विषाणूही असा वाढवला. १९३६ मध्ये अंड्याच्या वापरावर त्यांनी पुस्तिका लिहिली आणि जगभरच्या प्रयोगशाळा ती हाताशी ठेवू लागल्या. फेरेट महाग, चावरा, सांभाळायला कठीण. अंडं स्वस्त, आणि हवी तितकी आणा.

या अंड्याची एक खासियत होती. विषाणू आणि बऱ्या झालेल्या प्राण्याचं सीरम एकत्र करून आवरणावर टाकलं, की ठिपके कमी व्हायचे. जितके ठिपके कमी, तितक्या सीरममधल्या अँटीबॉडी ताकदवान. हे मोजमाप चोख यायचं, कारण आतलं पिल्लू स्वतः एकही अँटीबॉडी बनवत नव्हतं. मोजणीत त्याची लुडबुड नसायची.

बाकीच्यांसाठी ही सोय होती. बर्नेट यांच्यासाठी तो प्रश्न झाला. हेच पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही दिवसांत परक्या गोष्टीविरुद्ध अँटीबॉडी बनवायला शिकतं. मग आत असताना का नाही? आणि बाहेर आल्यावर ते परक्याशी लढतं, पण स्वतःच्या शरीराशी लढत नाही. आपलं काय आणि परकं काय, हे त्याला कुणी शिकवलं?

उत्तर मिळायच्या आधी दुसरं महायुद्ध आलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी फ्लूनं सैन्याची काय दशा केली होती हे सगळ्यांना आठवत होतं. बर्नेट यांनी अंड्यात पुन्हा पुन्हा वाढवून विषाणू दुबळा केला आणि तो जिवंतच नाकात फवारायची लस तयार केली. १९४२ मध्ये लष्करातल्या स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या, सुरुवातीला आशा वाटली. पण युद्धाच्या अखेरीस मोठ्या चाचणीत लस अपयशी ठरली आणि बर्नेट यांनी तो नाद सोडला.

यातला धडा आजही लागू आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्याला त्याआधी फ्लू झालेला नसतो. त्याची पाटी कोरी असते. माणसाचं तसं नाही. त्याला लहानपणापासून कितीतरी वेळा फ्लू होऊन गेलेला असतो आणि शरीर प्रत्येक वेळेची आठवण ठेवतं. त्यामुळे प्राण्यात चालली म्हणून लस माणसात चालेलच असं नाही.

१९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना मानाची जागा देऊ केली. ती नाकारून ते मेलबर्नच्या संस्थेचे संचालक झाले. संचालक झाल्यावरही ते प्रयोगाच्या टेबलाशी बसायचे, स्वतःच्या हातानं अंडी फोडायचे. मोठमोठ्या यंत्रांचं त्यांना कौतुक नव्हतं.

याच काळात त्यांना आणखी एक शोध लागला. फ्लूचा विषाणू पेशीला चिकटतो तो तिच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट कडीला धरून. कॉलऱ्याच्या जिवाणूतून निघणारं एक द्रव्य ती कडीच तोडून टाकतं, हे बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. या द्रव्याची आठवण ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

पण डोक्यातला जुना प्रश्न जात नव्हता. तेवढ्यात एक धागा गोठ्यातून आला. १९४५ मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांना दिसलं की काही जुळ्या वासरांच्या रक्तात दोन प्रकारच्या रक्तपेशी असतात, एक स्वतःच्या आणि एक जुळ्या भावंडाच्या. गर्भात असताना दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलेलं. मोठं झाल्यावरही शरीर त्या परक्या पेशींना हात लावत नव्हतं.

बर्नेट यांना गोष्ट लख्ख दिसली. आपलं आणि परकं ही ओळख जन्मजात नसते. जन्माआधीच्या काळात शरीरात जे जे असतं, ते सगळं आपलं ठरतं. १९४९ मध्ये फ्रँक फेनर यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हे भाकीत मांडलं.

भाकीत सिद्ध कसं करायचं? अर्थातच अंड्यात. त्यांनी अंड्यातल्या पिल्लांना परके पदार्थ टोचले. पिल्लं बाहेर आली, वाढली, मग तेच पदार्थ पुन्हा दिले. शरीरानं त्यांना आपलं मानलं असतं तर अँटीबॉडी बनायला नको होत्या. पण बनल्या. प्रयोग सपशेल फसला.

१९५० मध्ये बर्नेट यांनी हे अपयश जसंच्या तसं छापलं. चूक कुठे होती ते नंतर कळलं. टोचलेला पदार्थ पिल्लाच्या शरीरात टिकतच नव्हता, आणि सहनशीलता राहायची तर परकी गोष्ट शरीरात मुक्कामाला असावी लागते. लंडनमध्ये पीटर मेडावार, रुपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या जिवंत पेशी सोडल्या. त्या तिथे टिकल्या. मोठं झाल्यावर त्या उंदरांनी दुसऱ्या जातीची कातडी अंगावर बिनतक्रार स्वीकारली. १९५३ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. अंड्यात फसलेलं बर्नेट यांचं भाकीत उंदरात खरं ठरलं.

मधल्या काळात, १९५१ मध्ये, बर्नेट यांनी एक धाडस केलं. ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट आवरायला मिक्सोमा नावाचा विषाणू सोडला होता. त्याच सुमारास माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांना वाटलं, हा सशांचाच विषाणू. लोकांची भीती घालवायला बर्नेट, फेनर आणि इयन क्लूनीज रॉस या तिघांनी सशाला हमखास मारणारा तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. कुणालाही काही झालं नाही. एका प्राण्याचा काळ दुसऱ्याला शिवतही नाही, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं.

आता त्यांच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येऊ. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती की अँटीबॉडी शिंप्यासारखी बनते. परका विषाणू आला की शरीर त्याचं माप घेतं आणि मापानुसार अँटीबॉडी शिवतं. बर्नेट यांना हे पटत नव्हतं. मग सशात दुसऱ्या वेळी इतकी घाई का? गर्भात काहीच का नाही?

१९५७ मध्ये त्यांनी उलटी मांडणी केली. शरीरात शिंपी नाहीच, तयार कपड्यांचं प्रचंड दुकान आहे. लाखो पेशी, प्रत्येकीकडे आधीच ठरलेलं एकच माप. विषाणू आला की ज्या पेशीचं माप त्याला बसतं, तीच पेशी भराभर वाढते, तिच्या हजारो प्रती होतात. साथ ओसरल्यावर त्यातल्या काही मागे राहतात, म्हणून दुसऱ्या वेळी मारा जलद होतो. आणि जी मापं आपल्याच शरीराला बसतात, ती दुकान उघडण्याआधीच काढून टाकली जातात.

ही शरीराच्या आतली डार्विनची निवड होती. भुंगेरे गोळा करणाऱ्या पोरालाच सुचावी अशी. बर्नेट यांनी ती ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या नियतकालिकात छापली. पुढच्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी गुस्ताव नोसल आणि पाहुणे शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांच्या पेशी सुट्या करून तपासल्या आणि दिसलं की एक पेशी एकच अँटीबॉडी बनवते.

मग अंड्यातलं पिल्लू अगदीच असहाय होतं का? तसंही नाही. बर्नेट यांच्याकडे मेलबर्नला दोन वर्षं काम करून गेलेल्या अलिक आयझॅक्स यांनी १९५७ मध्येच लंडनला ज्यां लिंडेनमान यांच्यासोबत इंटरफेरॉन शोधलं. कुठे? अंड्याच्या त्याच आवरणात, फ्लूच्याच विषाणूनं. पिल्लाकडे अँटीबॉडी नव्हत्या, पण विषाणू शिरलेल्या त्याच्या पेशी शेजारच्या पेशींना सावध करत होत्या.

१९६० मध्ये बर्नेट आणि मेडावार यांना नोबेल विभागून मिळालं, ते सहनशीलतेच्या शोधासाठी. बर्नेट यांच्या मते मात्र पेशींच्या निवडीचा सिद्धांत हेच त्यांचं खरं काम होतं.

या माणसाची काळी बाजूही आहे. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारच्या गुप्त समितीला त्यांनी जैविक अस्त्रांचा विचार करण्याचा सल्ला दिला होता. आशियातल्या दाट वस्तीच्या देशांविरुद्ध पिकं उद्ध्वस्त करणारे आणि रोग पसरवणारे उपाय त्यात होते. ही कागदपत्रं १९९८ मध्ये उघड झाली. साथीपासून जग वाचवायला निघालेला माणूस साथीला शस्त्र म्हणूनही पाहू शकत होता, हे त्यांचं चरित्र सांगताना गाळून चालणार नाही.

१९६५ मध्ये ते संस्थेतून निवृत्त झाले, पण लिहीत राहिले. ३१ ऑगस्ट १९८५ ला पोर्ट फेरी इथे त्यांचं निधन झालं.

आज त्यांच्या कामातलं काय उरलंय?

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही बदलावी लागते. नवा विषाणू जुन्यापेक्षा किती वेगळा आहे हे ठरवायला आजही फेरेटला जुन्या विषाणूची लागण करतात आणि त्याच्या अँटीबॉडी नव्याला ओळखतात का ते पाहतात. त्या तपासणीआधी फेरेटचं सीरम शुद्ध करायला वापरतात ते कॉलऱ्याच्या जिवाणूचं तेच द्रव्य. जागतिक आरोग्य संघटनेसाठी हे काम करणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एक मेलबर्नलाच आहे.

आणि आपलं पुणं? २००९ मध्ये स्वाईन फ्लूनं शहर हादरलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस आणली. अंड्यात वाढवलेला, दुबळा केलेला, जिवंत विषाणू. युद्धकाळात बर्नेट यांच्या हातून निसटलेली कल्पनाच म्हणा ना. २०२० मध्ये कोव्हॅक्सिन बनत होती, तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीनं तिची परीक्षा हॅमस्टर आणि माकडांवर घेतली. शरीर कसं लढतं ते तिथे पाहिलं, आणि तरीही माणसांवरच्या चाचण्या कराव्याच लागल्या.

कारण प्राणी आपल्याला प्रश्न नीट विचारायला शिकवतो. शेवटचं उत्तर माणसाच्या शरीरातूनच घ्यावं लागतं. बर्नेट यांना हे त्यांच्या हरलेल्या लसीनं शिकवलं. आणि कोंबडीच्या अंड्यानं त्यांना असा एक प्रश्न दिला, जो फक्त लस शोधत बसले असते तर त्यांना कधीच पडला नसता.

पुढच्या वेळी लस घेताना कुणी अंड्याबद्दल विचारलं, तर मेलबर्नचा हा भुंगेरेवाला आठवा.